क्रेटा पेट्रोल ११५ पीएस, डिझेलही ११५ पीएस. मग कुंभार्ली घाटात फरक कशाचा?

कराडचा_वॅगनारवाला

नमस्कार मंडळी. गाडी बदलायची आहे आणि डोक्याचा भुगा झालाय.

सध्या एक लिटरची वॅगन आर आहे, ६८ पीएस (पॉवर) आणि ९० एनएम (टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर). गावात उत्तम चालते. पण सासुरवाडी चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट चुकत नाही. जाताना उतारच असतो. येताना मात्र आई, बायको, दोन पोरं आणि डिकीत सासऱ्यांनी कोंबलेले नारळ-फणस, अशा भरलेल्या गाडीत पोफळी सोडली की एसी बंद करावा लागतो, आणि हेळवाक येईपर्यंत दुसरा गिअर सुटत नाही.

२०२१ च्या दोन सेकंडहँड क्रेटा बघून आलोय. दोन्ही दीड लिटरच्या, दोन्ही मॅन्युअल. पेट्रोलला ११५ पीएस ६३०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे), टॉर्क १४४ एनएम ४५०० ला. डिझेललाही ११५ पीएस, पण ४००० ला. टॉर्क २५० एनएम, १५०० ते २७५० पर्यंत सपाट. डीलर म्हणतो, "साहेब, पॉवर कागदावर, टॉर्क रस्त्यावर. घाट असेल तर डिझेलच." मेव्हणा मेकॅनिकल डिप्लोमावाला. तो म्हणतो, "पॉवर सारखी ना? मग दोन्ही गाड्या सारख्याच चढणार. जादा पैसे कशाला घालवतोस?"

दोघंही छातीठोकपणे बोलतात. खरं कोणाचं धरू? एरवी रोजचं रनिंग ऑफिसपुरतं, चार किलोमीटर जाऊन-येऊन.

मिरजेचा_पाहुणा

रोज चार किमी आणि बीएस६ डिझेल? नको. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काजळी जळायला इंजिन तापून हायवेवर थोडा वेळ धावावं लागतं. चार किमीत ते तापणारही नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला की सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या सुरू. घाट महिन्यातून एकदा, डीपीएफ रोज. बाकी टॉर्क-बिर्क जाणकार सांगतीलच.

टेस्टबेडवाला_चिंचवड

जाणकार म्हणवून घेत नाही, पण नोकरीची सगळी वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये गेली, म्हणून लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, जी शोरूमवाला कधी सांगत नाही, कारण त्यालाच माहीत नसते. टेस्ट बेडवर (इंजिन तपासायच्या जागी) पॉवर कोणी मोजत नाही. इंजिन डायनोला, म्हणजे त्याला लोड देणाऱ्या यंत्राला जोडायचं, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि डायनोने लोड देऊन त्याला, समजा, २००० आरपीएमला धरून ठेवायचं. डायनोच्या बाहेर एक आर्म असतो, त्याच्या टोकाला लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर). आर्म किती जोर लावतो ते लोड सेल सांगते: हा टॉर्क. आरपीएम वेगळं मोजतात. दोघांचा गुणाकार म्हणजे पॉवर. मी लागलो तेव्हा पाण्याच्या ब्रेकचे जुने डायनो होते, आर्मला लोड सेलऐवजी मोठा तबकडीचा काटा. काट्यावरचा आकडा गुणिले आरपीएम, भागिले डायनोच्या पाटीवर कोरलेला स्थिरांक. कॅल्क्युलेटर नव्हता त्या दिवशी कागदावर करायचो. शेजारी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालबुंद झालेलं असायचं आणि सुपरवायझर काचेपलीकडून हातवारे करत असायचा.

तेव्हा "पॉवर कागदावर, टॉर्क रस्त्यावर" हे वाक्य ऐकायला झकास, अर्थाने पोकळ. दोन वेगळ्या शक्ती नाहीतच त्या. सूत्र एवढंच:

पीएस = एनएम × आरपीएम ÷ ७०२४

आता टॉर्क एकटा काय करतो ते बघा. चाकाचा नट गंजलाय, हलत नाही. सत्तर किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर नटावर ३४३ एनएम टॉर्क लागतो. तुमच्या डिझेल क्रेटापेक्षा जास्त! पण नट हललाच नाही तर काम शून्य, पॉवर शून्य. तो टॉर्क मिनिटाला किती फेरे टिकवता येतो, यावर गाडी चढते की नाही ते ठरतं.

मग मेव्हणा बरोबर? अर्धा. ११५ पीएस ही त्या इंजिनाची कमाल आहे, आणि ती ठरावीक आरपीएमलाच मिळते. पेट्रोलमध्ये ती काढायला काटा ६३०० वर न्यावा लागतो. घरची मंडळी मागे बसलेली असताना घाटात ६३०० वर इंजिन कोण किंचाळवतं? तुम्ही तर नाहीच, वॅगन आर कशी चालवता ते वर्णनावरून कळलं.

म्हणून कमाल आकडा बाजूला ठेवा आणि तुम्ही खरोखर ज्या आरपीएमला चालवता तिथली पॉवर काढा. डिझेल, २००० आरपीएम: २५० × २००० ÷ ७०२४ = ७१ पीएस. पेट्रोल, १८०० आरपीएम: ब्रोशरात तिथला टॉर्क नसतो, मी ११८ धरतो. ३० पीएस.

११५ विरुद्ध ११५ म्हणत होतो, ते पायाखाली आलं ७१ विरुद्ध ३०. डीलरला जे "टॉर्क" वाटतं ते हे. खालच्या आरपीएमची पॉवर.

आता घाटाला लागते किती ते बघू. पाच माणसांसकट क्रेटा १६५० किलो धरू. चढ शंभर मीटरला सहा मीटर, वेग ५०. नुसतं वजन वर उचलायला साडेतेरा किलोवॅट, टायरच्या घर्षणाला पावणेतीन, हवेला सव्वाएक. बेरीज साडेसतरा किलोवॅट, म्हणजे २४ पीएस. बस्स. एवढ्यात गाडी ५० ने चढत राहते. ११५ कुठे आणि २४ कुठे!

अडचण चढण्यात नाही, पुढच्या उसाच्या ट्रकला मागे टाकण्यात आहे. तिथे २४ च्या वर शिल्लक किती, हा प्रश्न येतो. पेट्रोल चौथ्या गिअरमध्ये ५० ला साधारण १८०० वर असेल. ३० पैकी दहा टक्के गिअरबॉक्स नि शाफ्ट खातात, उरले २७. शिल्लक ३ पीएस. पाय फ्लोअरला चिकटवला तरी ५० चे ६५ व्हायला अर्धं मिनिट जाईल, तोवर पुढचं वळण आलेलं. हीच ती "गाडी ओढत नाही" तक्रार.

आता त्याच ५० ला तीच पेट्रोल दुसऱ्या गिअरमध्ये टाका. काटा साडेतीन हजारांच्या आसपास जाईल. टॉर्क तिथे १३८ धरू, पॉवर ६९ पीएस. डिझेलच्या ७१ ला येऊन टेकली की नाही? ५० चे ६५ तीन-चार सेकंदांत.

गिअरचे आणि आरपीएमचे आकडे अंदाजाचे आहेत, रेशो नि टायरप्रमाणे थोडे इकडे-तिकडे होतील. चित्र बदलणार नाही. पेट्रोलमध्ये गिअर पाडून (खालचा गिअर टाकून) जे मिळवायचं ते डिझेलमध्ये गिअर न पाडता मिळतं. डिझेलचे जादा पैसे तुमच्या डाव्या हाताला आणि कानाला आराम म्हणून.

कराडचा_वॅगनारवाला

काका, मनापासून आभार. मेव्हण्याला दाखवलं, तो "मी तेच म्हणत होतो" म्हणाला.

एक शंका. मी आजवर असं समजत होतो की काटा ३००० च्या वर गेला की इंजिनची झीज होते, म्हणून वॅगन आरला कधी वर नेलंच नाही. हेळवाकपर्यंत दुसऱ्यात जातो, पण आवाज वाढला की पाय काढतो. हे चुकतंय का?

टेस्टबेडवाला_चिंचवड

तुमच्या वॅगन आरचा टॉर्क ९० एनएम आहे तो ३५०० ला. ६८ पीएस ५५०० ला. तुम्ही ३००० वर पाय काढता म्हणजे जास्तीत जास्त ३५-३७ पीएस वापरता. अर्ध्या पगाराचा चेक बँकेत न टाकता कपाटात ठेवल्यासारखं आहे ते.

टेस्ट बेडवर एन्ड्युरन्सला (टिकाऊपणाच्या चाचणीला) इंजिनं दिवसच्या दिवस फुल थ्रॉटल चालतात, कमाल पॉवरच्या आरपीएमवर. पाणी नि ऑइलचं तापमान ताब्यात असेल तर इंजिनला त्याचं काही वाटत नाही. इंजिनला खरा त्रास उलट्या सवयीचा. चौथ्या गिअरमध्ये १२०० वर आणून फुल ॲक्सिलरेटर द्यायचा, मग गाडी थरथरते आणि ड्रायव्हर म्हणतो "ओढते, ओढते". त्या थरथरीत बेअरिंगांवर, क्लचच्या स्प्रिंगांवर काय बेततं ते इंजिन उघडल्यावर दिसतं. लाल पट्ट्याच्या खाली, गरम इंजिन, साडेतीन-चार हजार: बिनधास्त. थंड इंजिनला मात्र सकाळी सकाळी असं करू नका.

चिपळूणचा_स्टेअरिंग

काका, तुमचं गणित चोख असेल, पण मी घाटात माणसं वाहून पोट भरलंय, मला हे पटत नाही. माझी जुनी बोलेरो ६३ एचपीची होती (एचपी म्हणजे जवळपास पीएसच). यांच्या वॅगन आरला ६८. म्हणजे तुमच्या हिशेबाने वॅगन आर भारी! पण बोलेरोत मी नऊ माणसं आणि कॅरिअरवर सामान घेऊन हाच कुंभार्ली पावसाळ्यात चढवायचो, एका दमात. वॅगन आरमध्ये नऊ माणसं भरून दाखवा. टॉर्क १९५ होता बोलेरोचा, ९० नव्हता. टॉर्कच ओढतो शेवटी.

टेस्टबेडवाला_चिंचवड

स्टेअरिंगराव, तुमच्यासारख्याच माणसाची वाट बघत होतो.

बोलेरो चढायची याबद्दल वाद नाही. चढायची किती वेगाने? भरलेली बोलेरो तीसच्या वर कितीदा गेली चढावर? सव्वादोन टनांची गाडी सहा टक्के चढावर ३० ने न्यायला १९ पीएस लागतात. तुमचं इंजिन १९५ एनएम १४०० ला देतं, म्हणजे तिथेच ३९ पीएस. दुप्पट आहे. वॅगन आर १४०० ला पंधरा पीएसच्या आसपास. म्हणजे इथेही खेळ तोच, खालच्या आरपीएमला पॉवर किती. ६३ आणि ६८ हे डोंगराच्या शिखराचे आकडे. तुम्ही आयुष्यभर बोलेरो पायथ्यालाच चालवली आणि तिथे ती दणकट होती.

उलटंही करून बघा. सपाट हायवेवर, दोन माणसं, ९० वरून ११० ला जायचंय. बोलेरोचा १९५ एनएम तिथे काय करतो ते तुम्हीच सांगा.

शिवाय बोलेरोचे गिअर, क्लच, मागचा एक्सल, रेडिएटर हे सगळं नऊ माणसांच्या हिशेबाने बनवलेलं. वॅगन आर पाचांच्या. नऊ माणसं भरली तर टॉर्कच्या आधी सस्पेन्शन बसेल.

चिपळूणचा_स्टेअरिंग

९० च्या पुढे बोलेरो बोंबलायची, हे खरं. दार पण थरथरायचं.

बाकी एक सांगतो, काकांनी सोडलं ते. घाटात डिझेल पण मान टाकते. हेअरपिनला समोरून एसटी आली, तुम्ही थांबता, वेग पंधरावर येतो, गिअर दुसराच राहतो. वळण संपल्यावर पाय दिला की काहीच होत नाही... आणि मग एकदम गाडी उसळते. नवीन डिझेलवाले तिथेच फसतात, मागे लोळायला लागतात. पहिला टाकायचा, लाजायचं नाही.

टेस्टबेडवाला_चिंचवड

अगदी बरोबर, आणि हे मी लिहायलाच हवं होतं. २५० एनएम १५०० पासून, असं ब्रोशर म्हणतं. १५०० च्या खाली काय, ते नाही सांगत. तिथे टर्बोला (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला) फिरवायला पुरेसा एक्झॉस्ट नसतो, म्हणून हवा कमी, म्हणून डिझेलही कमीच सुटतं. बाराशेवर दीड लिटरचं डिझेल म्हणजे टर्बोशिवायचं दीड लिटर डिझेल, आणि ते फार गरीब असतं. टर्बो उठला की एकदम सगळं येतं. पेट्रोलमध्ये हा झटका नाही. ते खाली कमी देतं, पण पाय जेवढा तेवढंच देतं, ओल्या हेअरपिनला मला तेच आवडतं.

टर्बोच्या बाजूने एक मुद्दा उंचीचा. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा बाराएक टक्क्यांनी विरळ. टर्बो नसलेलं इंजिन तेवढं गमावतं. लेहला साडेतीन हजार मीटरवर तीसेक टक्के. टर्बोवालं बरंचसं भरून काढतं. चिंचवडच्या टेस्ट सेलमध्येसुद्धा (इंजिन तपासायच्या खोलीत), पुणे साडेपाचशे मीटरवर असल्याने, रीडिंगला हवेचा दाब नि तापमान यांची दुरुस्ती करूनच आकडा द्यावा लागे. कुंभार्लीपुरतं मात्र हे विसरा, माथ्यावर तुम्हाला फार कळणार नाही.

सांगलीची_चार्जिंगवाली

मग ईव्ही घ्या की! टॉर्क शून्य आरपीएमपासून, गिअर नाही, टर्बो नाही. माझी नेक्सॉन ईव्ही आंबा घाटात खेळण्यासारखी जाते, आणि उतरताना चार्ज परत. टॉर्कचं महत्त्व ईव्हीत बसल्यावर कळतं.

टेस्टबेडवाला_चिंचवड

ताई, गाडी छान आहे. पण टॉर्कवादाला सगळ्यात मोठा दणका नेक्सॉन ईव्हीनेच दिलाय, हे सांगायला मला फार आवडतं. नेक्सॉन ईव्ही मॅक्सची मोटर १४३ पीएस, २५० एनएम. २०२३ च्या नव्या मॉडेलची, मोठ्या बॅटरीची, १४५ पीएस, २१५ एनएम. टॉर्क ३५ एनएमने कमी झाला! आणि कंपनीने सांगितलेला ० ते १०० चा वेळ? आधी ९ सेकंद, नंतर ८.९. टॉर्क घटला, गाडी तसूभरही मंद झाली नाही, कारण पॉवर तेवढीच ठेवली आणि नवी मोटर जास्त वेगाने फिरते. "टॉर्क कमी केला, फसवलं" म्हणणारे तेव्हा खूप होते. त्यातल्या किती जणांनी चाकावरचा टॉर्क मोजला?

ईव्ही घाटात मजेदार वाटते ती टॉर्कचा आकडा मोठा म्हणून नव्हे. ज्या वेगाला असाल त्या वेगाला तिची जवळजवळ सगळी पॉवर पायाखाली तयार असते. गिअर पाडायचा विचारच नाही.

कराडचा_वॅगनारवाला

ईव्ही बजेटमध्ये नाही ताई, आणि बिल्डिंगमध्ये चार्जरवरून आधीच सोसायटीत भांडण चालू आहे.

काका, टेस्ट ड्राइव्हला डीलर हायवेवर पाच किलोमीटर देतोय फक्त. त्यात घाट कसा ओळखायचा?

टेस्टबेडवाला_चिंचवड

सपाटीवरही कळतं. चार मोठी माणसं बसवा, एसी चालू. डीलरचा माणूस "एकटेच चालवून बघा साहेब" म्हणेल, ऐकू नका.

पेट्रोलमध्ये तिसऱ्या गिअरला ३० वर आणा, मग पाय पूर्ण द्या आणि ८० पर्यंत कोणी बोलू नका. आवाज ऐका. ३५०० च्या पुढे तो आवाज तुम्हाला सहन होतो का? होत असेल तर पेट्रोल घ्या, घाट ती चढेल. नसेल होत तर तुम्ही पाय काढणार, गिअर पाडणार नाही, आणि सहा महिन्यांनी इथे येऊन लिहिणार की क्रेटा पेट्रोलमध्ये दम नाही.

डिझेलमध्ये उलटं बघा. दुसऱ्या गिअरला जेमतेम हजार-अकराशेवर येऊ द्या आणि पाय द्या. टर्बो उठेपर्यंत किती वेळ जातो, क्लच घसरतो का, काळा धूर येतो का. सेकंडहँड आहे, म्हणून दोन्हीत क्लच नीट तपासा. हायवेला पाचव्या गिअरमध्ये पाय दिल्यावर काटा वर गेला आणि वेग गेला नाही तर क्लच गेलाय.

आणि डीपीएफबद्दल मिरजेच्या पाहुण्यांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. माझं विचाराल तर रोज चार किमीवाल्याने पेट्रोल घ्यावं आणि दुसरा गिअर वापरायला शिकावं.

मिरजेचा_पाहुणा

धन्यवाद काका. आता मला प्रश्न पडलाय. त्याच क्रेटाला १.४ टर्बो पेट्रोल पण होतं ना, १४० पीएस, २४२ एनएम? डीपीएफ नाही, टॉर्क डिझेलएवढा. मग तेच का नाही?

टेस्टबेडवाला_चिंचवड

हो, २४२ एनएम १५०० ते ३२०० पर्यंत. खाली जवळजवळ डिझेलसारखंच. फरक वर आहे: डिझेल ४००० ला दमतं, हे ६००० पर्यंत जातं. तिथे टॉर्क १६४ वर उतरलेला असतो, पण फेरे इतके की पॉवर १४०. एकाच टॉर्कची दोन इंजिनं, पॉवरमध्ये २५ चा फरक. टॉर्कचा आकडा एकटा का वाचू नये, ते यात आलं.

पण ते इंजिन डीसीटी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्ससोबत यायचं. कुंभार्लीत ट्रकमागे रांगताना असला ड्राय (तेलात न बुडालेला) क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि तापतो. घेतलीच तर पुढच्या गाडीपासून जागा सोडून थांबा, ब्रेक दाबून धरा, जागा झाली की सरळ सुटा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची नाही. आणि सेकंडहँड असेल तर गिअरबॉक्सची वॉरंटी शिल्लक आहे का, ते आधी विचारा.